पेरलेल्या चुका

"शेवटून वाच. पहिल्या शब्दापासून वाचायला लागलीस की गोष्टीत शिरशील, आणि गोष्टीत शिरलेल्या माणसाला चूक दिसत नाही."

हे बाईंच्या वडिलांचं सांगणं. छापखान्यात तीस वर्षं प्रूफं वाचलेला माणूस. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि शाळा सुटली की वडिलांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसायच्या. वडील लाकडी पट्टी ओळीखाली धरायचे आणि शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटे चालत यायचे, जसं काही कुणी पाठीमागून बोलावलंय. मध्येच पट्टी थांबायची. "सापडली लबाड," असं पुटपुटून ते समासात खूण करायचे.

आता बाई स्वतः तिसरीच्या वर्गाला शिकवत होत्या आणि शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी याच कामाला लावला होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांचं अर्धं अंग दप्तरात गेलेलं असतं. त्या वेळी शुद्धलेखनाचे नियम सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून बाई दर आठवड्याला एक पान लिहायच्या आणि त्यात सात चुका पेरायच्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. कुठे वेलांटी पळवायची, कुठे पूर्णविराम खाऊन टाकायचा, कुठे "मुली गेला" असं बिनदिक्कत लिहून द्यायचं. एकतीस मुलांना एकतीस पानं आणि एकतीस हिरव्या पेन्सिली. लाल रंग नको, लाल रंगाला मार खाल्ल्याचा वास येतो, असं बाईंचं मत.

नियम तीनच. शेवटून वाचायचं. चूक करणाऱ्याला हसायचं नाही. आणि स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही, कारण आपल्या चुकीशी आपली ओळख झालेली असते, ती आपल्याला खुपत नाही.

मुलांना हा खेळ इतका चढला की विचारू नका. एकीच्या आईने कामावर जाताना चिठ्ठी ठेवली होती, दूध तापव गॅस बंद कर. लेकीने त्यात दोन पूर्णविराम घातले आणि आई संध्याकाळी दमून आल्यावर दुरुस्तीखाली तिची सही मागितली. एकाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "अक्षर सुधारा" असा शेरा मारून ती औषधाच्या दुकानात दिली. दुकानदाराला ते इतकं पटलं की त्याने चिठ्ठी काचेवर चिकटवली. आणि वर्गातल्या ज्या मुलीला सगळे शब्दकोश म्हणायचे, तिने तर सख्ख्या काकाच्या लग्नपत्रिकेत चार चुका काढल्या. काढल्या त्या काढल्या, होणाऱ्या काकूच्या माहेरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या.

काका शाळेत आले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाईंना बोलावून घेतलं. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही मुलांना वाचायला शिकवताय की लोकांच्या खोड्या काढायला?"

"थोडं थोडं दोन्ही होतंय खरं," बाई हळूच म्हणाल्या.

"आणखी एक तक्रार आली ना, की तो तास गणिताला. आधीच सांगून ठेवते."

तो तास जाणं बाईंना परवडणारं नव्हतं. कारण त्या तासात गिचमिड होती.

गिचमिड हे त्या मुलीचं खरं नाव नव्हे, पण तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर तेच होतं आणि ते तिनेच लिहिलं होतं. तिची अक्षरं ओळ सोडून फिरायला जायची. इतर प्रत्येक तासाला ती खिडकीकडे तोंड करून बसायची, विचारलं तर "येत नाही" म्हणून मोकळी व्हायची. शुक्रवारी मात्र पट्टी घेऊन नाक कागदाला लावायची. आजवर सातपैकी चारांच्या वर तिची मजल गेली नव्हती, पण चार ही तिच्या लेखी मोठी कमाई होती.

तर अशात सहलीची सूचना निघायची होती. बाईंनी एक स्वच्छ सूचना लिहिली आणि त्याच मजकुराची दुसरी प्रत शुक्रवारसाठी, सात चुका पेरून. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या हात धुवायला गेल्या. शाळेचे कारकून, ज्यांना अख्खी शाळा शिक्केकाका म्हणायची, तेवढ्यात आले. काका कामाचे भारी चपळ. त्यांनी हाताला लागला तो कागद उचलला, प्रती काढल्या, एकेकीवर शिक्का मारला आणि गुरुवारी शाळा सुटताना एकतीस दप्तरांत स्वतःच्या हाताने सारल्या. वर जाता जाता बसवाल्याला फोन करून तारीखही कळवून टाकली.

बाईंना हे कळलं शुक्रवारी सकाळी, जेव्हा स्वच्छ प्रत टेबलावर त्यांच्याकडे बघत पडलेली दिसली.

त्या वर्गात शिरल्या त्या पाय ओढतच. पण वर्गात निराळाच गोंधळ.

"बाई, घरचा अभ्यास लई सोपा होता."

"माझ्या बाबांना तीनच सापडल्या. मी त्यांना उभं केलं."

"आजी म्हणाली, चुका नाहीतच, तुझ्या बाई कशाला चुकतील. मग मी दाखवल्या. आता आजी तुमच्यावर रुसलीय."

हिरव्या खुणांनी भरलेले एकतीस कागद टेबलावर आले. जवळपास सगळ्यांच्या सात. शब्दकोशने सात चुकांना क्रमांक देऊन बाजूला समास आखला होता. बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सर्वांत तळाचा कागद हाताशी आला. गिचमिडचा. तिला सातांतल्या चारच सापडल्या होत्या. पण तिने तारखेभोवती एक मोठा वाकडातिकडा गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, की चौदा तारखेला बुधवार नाही, मंगळवार आहे, त्या दिवशी बाबा घरी असतात.

गिचमिडचे बाबा बस चालवायचे आणि त्यांची सुटी मंगळवारी असायची. त्या दिवशी तिची वेणी बाबा घालायचे, म्हणून ती नेहमी कानाच्या वरून निघालेली असायची. महिन्यातले सगळे मंगळवार तिला पाठ होते.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग स्वच्छ प्रत पाहिली. तिथेही चौदा. सहल बुधवारी, म्हणजे पंधराला. ही चूक पेरलेली नव्हती, ही आपली आपण उगवली होती. सूचना कुणाकडून तपासून घेतली नव्हती, एवढंच.

"बाई, सात की आठ?" बाईंच्या हातातल्या कागदावरचा गोल बघून शब्दकोशने विचारलं.

एकतीस तोंडं वर झाली. तिसरीच्या मुलांसमोर "चुकले" म्हणणं काही फार अवघड नसतं. पण समोर शिक्का मारलेले एकतीस कागद, मागे मोठ्या बाईंची ताकीद, आणि बाईंची जीभ घसरली.

"आठ," त्या म्हणाल्या. "आठवी मुद्दाम लपवली होती. बघत होते, कुणाला दिसते ते."

वर्गातून "अय्यो" असा एक लांब सूर निघाला. गिचमिडने पट्टी पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली, राणीसारखी.

मधल्या सुटीत बाईंनी शिक्केकाकांना गाठून बसची तारीख बदलून घेतली आणि नवी सूचना धाडली. काकांचा चेहरा पडला. "माझ्या हातून झालं बाई. मोठ्या बाई मला सोलून काढतील."

पण मोठ्या बाईंचं बोलावणं आलं ते भलत्याच सुरात. त्यांच्या टेबलावर एका पालकाचं पत्र होतं. आमच्या घरी प्रथमच बापलेक एका कागदावर तासभर डोकं लावून बसले, असे उपक्रम वरचेवर व्हावेत.

"मला आधी सांगायचं तरी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पालकांनाच परीक्षेला बसवलंत की. मुद्दाम पाठवलंत ना हे?"

दारात शिक्केकाका उभे होते, देवाला कौल लावल्यासारखे.

"चुका मुद्दामच लिहिल्या होत्या," बाई म्हणाल्या. म्हटलं तर खरं.

"तारखेचीसुद्धा?"

"हो," बाई म्हणाल्या. हे म्हटलं तरी खरं नव्हतं.

"तरीच. तास चालू राहू दे."

इथे गोष्ट संपली असती तर बाईंना बरंच वाटलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी नवं पान वाटलं आणि दहा मिनिटांत त्यांना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. एरवी सात झाल्या की पेन्सिली खाली पडायच्या, दप्तरं भरायला लागायची. आज कुणी थांबेचना. सात झाल्या, आठवी शोधा. आठवी मिळाली, मग नववी कशावरून नसेल. मुलांनी धडधडीत बरोबर शब्दांना गोल घातले. जिथे काही नको तिथे स्वल्पविराम पेरले. एकाने पानाच्या कडेला लिहिलं, "कागद वाकडा कापला आहे." शब्दकोशने बाईंच्या सहीत चूक काढली. पानं परत आली ती नुसती हिरवी रानं.

"अरे, हे सगळं बरोबर होतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही असंच म्हणणार," मागच्या बाकावरून उत्तर आलं. "मग म्हणाल, लपवली होती."

गिचमिडचा कागद मात्र कोरा. एकही खूण नाही. शाळा सुटल्यावर ती टेबलाजवळ आली. हातात जुन्या सगळ्या पानांचं भेंडोळं होतं, कोपरे दुमडलेलं.

"बाई, मी ही सगळी पुन्हा बघितली. रविवारी पण बघितली. एकातही आठवी सापडली नाही. तुम्ही कुठे लपवल्यात?"

"त्यांत नाहीत गं."

"असतील. मला दिसत नाहीत. त्या दिवशी उगाच दिसली." आणि खिडकीकडे बघत ती म्हणाली, "मला येत नाही हे."

घरी वडील खिडकीशी भिंग घेऊन बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर तपासत बसले होते. नजर अधू झाली तरी खोड गेली नव्हती. बाईंनी सगळं सांगितलं. वडील ऐकत राहिले आणि शिक्केकाकांच्या भागाला भरपूर हसले. शेवटाला मात्र त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तुझ्या सात चुका म्हणजे तू लपवलेले खडे. ते काय, तूच ठेवलेस, त्यांनी उचलले. त्या पोरीने खरी चूक पकडली, अगं, छापून बाहेर पडलेली. माझ्या तीस वर्षांत मला असल्या मोजक्या मिळाल्या. आणि तू ती तिच्या हातातून काढून घेऊन वर स्वतःच्या हुशारीच्या खाती टाकलीस."

"तास जाईल, बाबा. सांगितलं तर."

"जाईल की. आणि न सांगितलंस तर तास राहील, पण त्यात करशील काय? पोरांना आता बरोबर लिहिलेलंही खरं वाटत नाही."

भिंग पुन्हा उचलत वडील म्हणाले, "या पुड्यावर तीन आहेत. चहा ठेवतेस?"

सोमवारी पहिल्या तासाला बाईंनी हजेरी बाजूला ठेवली.

"त्या सूचनेत मी सात चुका पेरल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आठवी माझी होती. मला ती दिसलीच नाही. ती हिला दिसली, आणि ती लपवली होती असं मी खोटं सांगितलं."

तीस माना गिचमिडकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही खरंच चुकलात?" शब्दकोशने विचारलं. तिच्या आवाजात इतका आनंद होता की तिलाच लाज वाटली आणि तिने तोंडावर हात ठेवला, कारण चूक करणाऱ्याला हसायचं नसतं.

"खरंच चुकले. आणि पुस्तकात चूक राहिली तर छापखान्यातून शुद्धिपत्र निघतं, म्हणजे काय चुकलं आणि खरं काय ते सांगणारी चिठ्ठी. तसं मीही काढणार आहे. एकतीस घरांना. पण आधी मोठ्या बाईंना दाखवून."

त्यांनी पर्समधून कागद काढला आणि गिचमिडच्या बाकावर ठेवला. त्यात चुकीची तारीख होती, बरोबर तारीख होती, चूक बाईंची हे होतं, आणि ती कुणी शोधली तेही होतं, पुठ्ठ्यावरचं नाव नव्हे, तर हजेरीतलं.

"हे मी लिहिलंय, म्हणून मला तपासता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तू बघ."

गिचमिडने पेटी उघडली. पट्टी काढली. वर्गातल्या तीस जणांना तेवढा वेळ श्वास घ्यायचंही सुचलं नाही. तिने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आपल्या नावापाशी जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद बाईंकडे सरकवला.

"नाहीये एकही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मी बघितलंय ना."

शब्दकोशला काही हे सहन होईना. "मी एकदा बघू का?"

"काही गरज नाही," गिचमिड म्हणाली, आणि पेटी बंद केली.

"बाई, मोठ्या बाई रागावतील?" मागून कुणीतरी विचारलं.

"रागावतील."

"मग शुक्रवारी गणित?"

"असू शकतं."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागच्याच बाकावरचा म्हणाला, "मग शुक्रवारचं पान आत्ताच द्या. म्हणजे ते तर झालेलं असेल."

बाईंना हसू आवरेना. पान कपाटात तयार होतंच. त्यांनी ते वाटलं आणि म्हणाल्या, "सात. मी पेरलेल्या सात. आठवी सापडली तर ती माझी, आणि ती आधी मला येऊन सांगायची."

तीस डोकी खाली गेली. एकतिसावं आधीच खाली गेलं होतं. बाईंनी शुद्धिपत्राची घडी घातली, साडीच्या निऱ्या नीट केल्या, आणि कुणाच्या पेन्सिलीचा धक्का लागू नये अशा बेताने, बाकांमधून चालत, मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाल्या.