दोन बोटं उंच

मी एक स्टेपनी. नावाला हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. पिकअपच्या हौद्याखाली, मागच्या बाजूला, मी साखळीला टांगलेली असते. वर गाडीचं बूड, खाली रस्ता. लोक म्हणतात, स्टेपनी म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. म्हणेनात का. इथं लटकून माणसांचे चेहरे मला क्वचितच दिसले. दिसले ते पाय. त्यामुळे माझी कहाणी ही पायांचीच आहे, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही.

आम्ही पाच भावंडं एकाच कारखान्यातली, एकाच साच्यातून निघालेली. अंगावर आकडेही तेच: दोनशे पंचेचाळीस, सत्तर, सोळा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रबराच्या उंचीचा, तिसरा मधल्या लोखंडी चाकाचा. चौघांना रस्ता मिळाला आणि मला साखळी. ते खड्डे खायचे, झिजायचे आणि मला टोमणे मारायचे, ‘तुझं बरंय बाई, बसून खा.’ मी काय खात होते देव जाणे. चिखल तेवढा खाल्ला.

आमची मालकीण शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात पंप सांभाळायची. कामावर सगळे तिला ‘पंपवाली’ म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. पिकअप माल वाहायला असते, पण आमच्या हौद्यात हत्यारांची एक पेटी आणि गमबुटांची जोडी सोडली तर कधी काही पडलं नाही. सकाळी कामावर जायचं, संध्याकाळी परत यायचं, एवढाच आमचा प्रवास. आणि जाताना शेजारच्या सीटवर तिचे बाबा.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. वय झालं तसं ते त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताच्या हवाली केलं, पण रोज सकाळी तिथं जाऊन बसायचं काही सोडलं नाही. दुकान तिच्या वाटेवर, चढावर होतं. येताना उतार, तो ते रमतगमत पायी उतरायचे. जाताना चढ, तेव्हा लेकीची गाडी.

बायको गेल्यापासून बाबा घरात बोलायचेच नाहीत म्हणे. हे पंपवाली फोनवर सांगायची, एरवी माझा विश्वास बसला नसता. कारण गाडीत बसले की त्यांची टकळी सुरू व्हायची. पत्र्यातून मला सगळं ऐकू यायचं. डोळ्यांवर चष्मा ठेवूनच ‘चष्मा हरवला, दुसरा करा’ म्हणत आलेलं गिऱ्हाईक. जवळचं दिसत नाही म्हणून भांडणारी आणि नवा चष्मा लावल्यावर नवऱ्याकडे बघून ‘जुनाच बरा होता’ म्हणणारी बाई. पंपवाली हसायची. एखाद्या दिवशी बायकोचाही विषय निघायचा, मग थोड्या वेळानं बाबाच म्हणायचे, ‘गिअर बदल बाळ, चढ आला.’

एक गोष्ट मात्र पंपवालीला ठाऊक नव्हती, मला होती. बाबांना गाडीत चढताना त्रास व्हायचा. पाय वर उचलायला मांडीत जोर उरला नव्हता. म्हणून ते लेकीच्या आधीच बाहेर यायचे. ती घरात कुलूपकिल्ली शोधत असायची तोवर यांचा खटाटोप चाले. दाराची मूठ घट्ट धरायची, एक पाय दाराखालच्या फळीवर टेकवायचा आणि स्वतःलाच म्हणायचं, ‘चल, उठ म्हाताऱ्या.’ पहिल्यांदा टाच उचलायची आणि परत टेकायची. दुसऱ्यांदा ते वर असायचे. ती येईपर्यंत ऐटीत बसून म्हणायचे, ‘किती उशीर गं तुझा.’

असं सगळं सुरळीत होतं. मग माझी चारही भावंडं झिजून गुळगुळीत झाली.

टायरच्या दुकानात मी पहिल्यांदा खाली उतरले. हवा तपासायला मला काढलं आणि बाकड्याला टेकवून ठेवलं. बाकड्यावर बाबा बसले होते. त्यांनी माझ्यावर हात टेकला. थंडगार, हलका हात होता.

पंपवालीच्या डोक्यात मोठे टायर भरले होते. कामावर कुणीतरी घातले होते, ते तिच्या मनात बसले होते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, ‘ताई, रोजची ये-जा आहे ना? मग आहे तीच साइज बरी. मोठ्या टायरनं पेट्रोल जास्त जाईल, ब्रेक जड लागतील, मीटरवर वेग आहे त्यापेक्षा कमी दिसेल. कशाला नाकापेक्षा मोती जड?’

‘अहो, केंद्राजवळचा रस्ता उकरून ठेवलाय,’ ती म्हणाली. ‘बूड घासतं रोज. आणि खरं सांगू का, मला आवडलेत ते.’

‘हौसेला मोल नाही. बसतात तुमच्या गाडीला, बसत नाहीत असं नाही. दोन बोटं उंच होईल गाडी.’ मग त्यानं विचारलं, ‘गाडीत रोज माणसं किती असतात? कोण कोण बसतं?’

‘कोणी नाही,’ पंपवाली म्हणाली. ‘मी एकटीच.’

माझ्यावरचा हात जरासा हलला. एवढंच. तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो. ती ओझ्याचा हिशोब करत होती, आणि श्वास कुणी मोजतं का, तसे बाबा तिच्या मोजण्यातच येत नव्हते. हे मला कळतं. त्या हाताला त्या वेळी कळलं का, ते मी सांगू शकत नाही.

‘मग काही हरकत नाही,’ दुकानदार म्हणाला. ‘स्टेपनीपण मोठी घेताय?’

‘राहू दे जुनीच. तिची कधी गरज पडते?’

चार नवे राक्षस गाडीला चढले. माझी भावंडं कोपऱ्यातल्या ढिगावर गेली, निरोपही नीट झाला नाही. जाताना पंपवालीला स्वर्ग दोन बोटं उरला होता. तिनं विचारलं, ‘कसे दिसतात, बाबा?’

‘छान,’ बाबा म्हणाले. ‘ऐटदार.’ मग दुकानदाराच्या खांद्याचा आधार घेऊन ते वर चढले. पंपवाली तेव्हा टायरचे फोटो काढत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले. ‘चल, उठ म्हाताऱ्या.’ टाच उचलली, टेकली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकली. मग हात सुटला आणि ते दारावर आदळले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. घराचं दार वाजलं तसे सावरले.

‘हे काय, बसला नाहीत अजून?’

‘आज चालत जाईन म्हणतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’

‘बरं झालं, कुणाचं तरी ऐकलंत एकदाचं,’ ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

चढावर दम लागला असणार. म्हणून पुढच्या दिवशी त्यांनी मोरीतलं बुटकं स्टूल आणलं. स्टुलावरून फळीवर, फळीवरून सीटवर. जमलं की! मी खाली लटकल्या लटकल्या खूश झाले. पण वर बसल्यावर ते स्टूल उचलायचं कसं? वाकून वाकून हात पुरेना. तेवढ्यात लेकीच्या बुटांचा आवाज आला. बाबांनी घाईघाईनं पायानं स्टूल गाडीखाली ढकलायला पाहिलं, ते आडवं झालं आणि खडखडत बाहेर आलं.

‘आपलं स्टूल इथं कसं?’

‘मी... सुकायला ठेवलं होतं.’

‘रस्त्यावर? कमाल करता तुम्ही, बाबा,’ म्हणून ती हसली आणि स्टूल घरात ठेवून आली. तो त्यांचा गाडीतला शेवटचा प्रवास. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मला हात असते तर मी त्यांना खालून उचललं असतं. तोंड असतं तर बोंब ठोकली असती, की अगं बये, खाली वाकून बघ जरा. पण मी रबर आणि हवा.

ते आणखी काही दिवस चालत गेले. चढावर थांबत, कुंपणाला धरत. मग जायचेच बंद झाले. पंपवाली एकटी निघायची आणि रेडिओ लावायची. एकदा हौद्याशी उभी राहून मैत्रिणीला फोनवर म्हणाली, ‘बाबा हल्ली खोलीतून बाहेर पडत नाहीत. बोलत नाहीत. मला वाटतं, माझ्याबरोबर यायचाच कंटाळा आला त्यांना. किती आग्रह करायचा?’ तिचा आवाज ओला होता. घरात बसलेल्या त्या माणसाला काय वाटत होतं, तेही मी ओळखून होते. एका छपराखाली दोघं एकमेकांवर रुसले होते, आणि कारण होतं दोन बोटांचं.

थंडी उतरणीला लागली तेव्हा एका सकाळी गाडी जागेवरून हललीच नाही. दारात खूप पाय आले. अनोळखी, हळू टेकणारे. मी त्यांत बाबांचे बूट शोधत होते. बाबा बाहेर आले, पण त्यांचे पाय जमिनीला लागले नाहीत. पंपवाली अनवाणी होती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, चष्म्याच्या दुकानातून बाबांच्या वस्तू आणायला जाताना, पुढचा टायर फुटला. शेजारच्या सीटच्या बाजूचा. ज्या स्टेपनीची कधी गरज पडत नाही ती मी अखेर खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता माझ्या अंगाखाली आला. पण मी बुटकी, बाकीचे तिघे थोराड. गाडी माझ्या बाजूला कलली. पंपवाली हळूहळू चालवत दुकानापर्यंत आली.

बाबांची उशी आणि डबा घेऊन त्यांचे दोस्त बाहेर आले. तेही पिकलं पान. तिनं म्हटलं, ‘काका, घरी सोडते, बसा.’ आता मी दारापाशीच होते. त्यांचा पाय फळीवर आला, टाच उचलली, टेकली, पुन्हा उचलली आणि ते धापा टाकत वर पोचले.

‘चढलो बुवा,’ ते म्हणाले. ‘तुझे बाबा तर सांगत होते की नव्या टायरांपासून गाडीत पायच चढत नाही. मला वाटलं, उगाच वाढवून सांगतोय.’

‘काय म्हणायचे?’

‘तुला माहीत नाही? मी म्हटलं होतं, पोरीला सांग. तर म्हणे, नको, हौसेनं घेतलेत तिनं. आणि तिनं टायरवाल्याला सांगितलंय, गाडीत ती एकटीच असते. बरोबरच आहे, म्हणे, मी आपला वाटेवरचा.’

पंपवाली गाडीला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा जवळून पाहिला. बाबांसारखाच होता. तिनं दाराखालच्या फळीवर तळवा टेकला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग माझ्यावर कपाळ टेकून ती रडली. वर काका ‘पोरी, अगं पोरी’ करत राहिले, पण त्यांनाही एकट्याला खाली उतरता येत नव्हतं.

त्यांना घरी पोचवून ती थेट टायरच्या दुकानात गेली. ‘हे तिन्ही मोठे काढा. चारही चाकांना जुनी साइज घाला. स्टेपनीची.’

दुकानदार बघत राहिला. ‘अहो, अजून नवे आहेत हे. आणि तुम्हाला उंच हवी होती ना गाडी?’ त्यानं माझ्यावरचे आकडे वाचले आणि सवयीनं विचारलं, ‘गाडीत रोज कोण कोण बसतं?’

बाकडं रिकामं होतं. पंपवालीनं त्याच्याकडे पाहिलं.

‘आम्ही दोघं,’ ती म्हणाली.

‘मग हीच साइज बरी,’ दुकानदार म्हणाला आणि कामाला लागला.

मी पुन्हा साखळीला आहे. पुढे माझ्याच मापाची चार नवी पोरं पळतात, त्यांना यातलं काही माहीत नाही. पंपवाली हल्ली घरातून लवकर बाहेर येते. आधी शेजारच्या सीटचं दार उघडते, थोडा वेळ ते धरून उभी राहते, मग लावते आणि आपल्या बाजूला जाते. चढ आला की स्वतःच पुटपुटते, ‘गिअर बदल, बाळ.’

माझं रबर आता वाळत चाललंय. न वापरताही आम्ही म्हाताऱ्या होतो. एखाद्या दिवशी मलाही त्या ढिगावर टाकतील, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही कधी टायर घ्यायला गेलात आणि कुणी विचारलं, गाडीत रोज कोण बसतं, तर उत्तराची घाई करू नका. आधी मागे वळून बाकड्याकडे बघा.