उतरलेली तार

दादाच्या नव्या रचनेत माझं व्हायोलिन होतं आणि त्याचा लॅपटॉप. मी वाजवायचं, आणि त्याने जमवलेले आवाज त्याने स्पीकरमधून माझ्या अंगावर सोडायचे. चांगला आवाज कधी सांगून येत नाही म्हणे, म्हणून तालमीलाही काचेमागे रेकॉर्डिस्ट बसवलेला.

तिसऱ्या भागात आधी एक तार छेडल्याचा आवाज आला. मग लाकूड फुटायला लागलं. सावकाश, एकेक घाव मोजून. माझा गज हातातच राहिला. ती तार किंचित उतरलेली होती. बाबा त्यांची जाड तार कायम तशीच ठेवायचे. कुणी कितीही डोकं आपटलं तरी चढवायचे नाहीत.

"बाबांचं व्हायोलिन घर बदलताना फुटलं म्हणाला होतास," मी म्हटलं.

"असा आवाज दुसऱ्या कशातून आला नसता गं," दादा म्हणाला. "नाहीतरी कपाटात पडूनच होतं ते."

माझं डोकंच फिरलं. नोटेशनचा लोखंडी स्टँड उचलून मी लॅपटॉपवर हाणला. त्याने मध्ये हात घातला. मी पाहिलं, आणि तरीही पुन्हा हाणला. बोटं मोडल्याचं अख्ख्या हॉलभर ऐकू आलं, कारण माझा माइक चालूच होता.

दादा गुडघ्यांवर कोसळला. रक्त कीबोर्डवरून खाली गळत होतं. आता हा मला शिव्या घालेल, निदान रडेल तरी, असं वाटलं. त्याने पांढराफटक चेहरा वर केला आणि काचेकडे बघून रेकॉर्डिस्टला विचारलं,

"आलं ना नीट?"