भट्टीतून न काढलेला तारा

आर्णीच्या तुळशीराम लोहाराला थर्मामीटरचा भारी राग. लोखंड लाल दिसलं तर आणखी तापवायचं, पिवळं झालं की घणाखाली घ्यायचं, पांढरं पडलं तर जळालंच. चाळीस वर्षं त्याचे डोळे चुकले नव्हते.

पुसदच्या कॉलेजात शिकणारी लेक सुरभी दिवेलागणीला भट्टीपाशी आली. दक्षिणेचा लाल तारा दाखवून म्हणाली, "बाबा, तो सूर्यापेक्षा थंड आहे. कसं ओळखलं असेल?"

"त्यात काय? लाल हाये, म्हणजे कमी तापला," तुळशीराम खेकसला. "पण आभाळात मधात हवाच नाही, असं तूच मागं सांगतलं. भाता थांबला की माही भट्टी विझते, मग त्याचा उजेड इथवर येते कसा?"

"उजेडाले हवा लागत नाही, बाबा. तापलेली वस्तू रिकाम्या जागेतूनही उजेड फेकते. जशी तापली, तसा रंग. तुमचं लोखंड अन् तारा, दोघांले एकच कायदा."

तुळशीरामने भाता सोडला. लोखंडाचा रंग जोखावा तसा तो एकेक तारा जोखू लागला. मग डोक्यावरच्या एका पांढऱ्याशुभ्र ताऱ्याकडे बोट करून हलक्या आवाजात म्हणाला,

"तो तं पार जळून राह्यला, पोरी. त्याले भट्टीतून काढणारं कोणीच नाही का वं?"