डास चावेपर्यंत

तळहातावर चिमूटभर साखर घेऊन गुणवंतराव न्हाणीच्या उंबऱ्याशी बसले होते. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग आली, त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबली आणि वळसा घालून पुढे गेली.

“आजही नाही आल्या,” ते म्हणाले.

“मुंग्यांना काय कळते जी? काहून रोज बसून राहता? चहा घ्या,” त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणाल्या.

कळत होतं, हीच तर पंचाईत होती. गुणवंतरावांनी तेहतीस वर्षं एका ठेकेदाराकडे डासांच्या औषधाची फवारणी केली होती. हातमोजे फक्त कागदावर मिळत. पावडर उघड्या हाताने कालवायची आणि त्याच हाताने डबा खायचा. पाठीवरचा पंप गळायचा, बनियन भिजायची. पुढे पुढे त्यांना डास चावेनासे झाले. कांचघर मोहल्ल्यात संध्याकाळी वीज गेली की शेजारी त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसत. “भैया, आप तो चलती-फिरती कॉइल हो,” म्हणत. गुणवंतरावही हसत. फुकटची कीर्ती कोणाला नको असते?

मग लेक शर्मिला नागपूरहून बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली आणि हे हसू आटलं. नात पहिल्यांदा पुढे केली तेव्हा आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ज्या अंगाला मुंगी शिवत नाही, त्याला हे अडीच किलोचं पोर लावायचं? त्यांना भीती वाटली. मला डास चावेल त्या दिवशी घेईन, असं त्यांनी सांगून टाकलं.

शर्मिलाने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“सगळं धुऊन काढेल असा काही काढा आहे का?” त्यांनी विचारलं.

“असा काढा नसतो काका. लिव्हर, किडनी आपलं काम करून राहिल्या. तुम्ही फक्त नवीन भर घालू नका. आणि हात धुऊन नातीला खुशाल घ्या.”

पहिलं त्यांनी तंतोतंत पाळलं. दुसऱ्यावर त्यांचा विश्वास बसेना, कारण डॉक्टरीणबाईंनी मुंग्या पाहिल्या नव्हत्या. घरातून कॉइल गेली, झुरळांचा स्प्रे गेला, उग्र वासाचं फिनाइल गेलं. माळ्यावरचा जुना पंपही गेला. खिडक्या उघडल्या, फरशी साध्या पाण्याने पुसली जाऊ लागली. डासांना रान मोकळं मिळालं. बाळ मच्छरदाणीत गेलं आणि तिथे रात्रंदिवस किरकिरू लागलं. गुणवंतराव रोज संध्याकाळी बाह्या सारून ओट्यावर बसत. डास गुणगुणत कानापर्यंत येत आणि तिथे आवाज एकदम बंद होई. ते खाली पाहत, तर पायाशी काहीच पडलेलं नसे.

असे दोन महिने गेले. शर्मिलाच्या जाण्याचा दिवस उद्यावर आला. मदन महल स्टेशनहून सकाळची गाडी होती. दुपारी गुणवंतराव नेहमीसारखे घोरत पडले. उठले तेव्हा कुंदाबाईच म्हणाल्या, “अहो, मनगट पाहा. चावला न?”

मनगटावर लाल ठिपका होता, मधोमध बारीक टोचल्याची खूण. ते बघतच राहिले. ठिपका अगदी डासाचा वाटत होता, फक्त खाजत नव्हता. समोर कुंदाबाई नातीच्या दुपट्याला किनार लावत होत्या. सुई हातातच होती, मान खाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना कधी फसवलं नव्हतं. आज फसवलं.

मग ते सगळ्यांदेखत मनगट खाजवू लागले. “लय खाजून राहिलं न,” म्हणाले.

“चलो, अब तो ले लो बाबा,” शर्मिला म्हणाली.

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेला सदरा घातला. नवं दुपटं चौघडी करून मांडीवर अंथरलं आणि मग नात घेतली. ती इतकी हलकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दिवेलागण झाली. शर्मिला पायांवर चापट्या मारत होती, कुंदाबाई पदराने डास वारत होत्या. गुणवंतरावांच्या मांडीवर पोर मच्छरदाणीशिवाय गाढ झोपलं होतं.

“देखो, कशी शांत झोपली! आजोबांजवळ एक मच्छर नाही...” शर्मिला हसत म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. तिने बाबांच्या मनगटाकडे पाहिलं, मग आईकडे. कुंदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

गुणवंतरावांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण जरासं बाजूला केलं. तिची इवलीशी मूठ उघडी ठेवली आणि तिच्यावर एक तरी डास बसावा म्हणून ते वाट पाहत राहिले.