चाचणीचा डोळा

“पापणी लववू नकोस. हिरवा ठिपका दिसतोय ना? त्याच्याकडे बघ.”

हे वाक्य मोठ्या बाई दिवसातून पंचवीस वेळा म्हणत आणि धाकट्या बाई पंचवीस वेळा. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या स्कॅनच्या खोलीत कामाची वाटणी एवढीच होती. आज ते ऐकायची पाळी धाकटीवर आली होती. तिने हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि ठिपक्याकडे बघत राहिली. यंत्र बारीक गुणगुणलं.

मोठ्या बाईंनी स्क्रीन थोडा आपल्याकडे वळवला. ते वळवणं धाकटीच्या ओळखीचं होतं. आकडा वाईट आला की ती स्वतःही स्क्रीन अगदी तेवढाच वळवत असे.

“किती?”

“डॉक्टर सांगतील.”

“ताई, हे पेशंटला सांगायचं. किती?”

“एक्क्याऐंशी.”

डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर, नसांचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी मोजणं हे या यंत्राचं काम आणि गेली सहा वर्षं तिची नोकरी. चांगल्या डोळ्यात ती शंभरच्या आसपास भरते. एक्क्याऐंशीचा कागद हातात देताना ती पेशंटशी जरा जास्तच गोड बोलायची.

या स्कॅनची चिठ्ठी मेंदूच्या डॉक्टरांनी दिली होती. त्यांच्यापर्यंत पोचायला तिला दीड वर्ष लागलं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बसल्या जागी छाती धडधडायची; नवरा म्हणाला, टेन्शन घेतेस. भर उन्हाळ्यात सगळे घामाने निथळत असताना ती कोरडी ठणठणीत राहायची आणि आतून भाजून निघायची. नणंद म्हणाली, वहिनी, तुमची कातडी किती छान आहे हो. आणि लघवीला लागली की लागली, दोन मिनिटांचीही सवड नाही. दवाखान्यात त्यावरून विनोद चालत. सगळ्यात चांगला विनोद मोठ्या बाईंचा होता. “आमच्या धाकट्या बाईंची टाकी लहान आहे, पण मोटार दणकट आहे!” धाकटीही हसली होती, आणि हसता हसता पळाली होती.

मेंदूचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला दहा मिनिटं झोपवलं, दहा मिनिटं उभं केलं आणि दर दोन मिनिटांनी रक्तदाब घेतला. मग एमआरआय. त्यात दोन डाग निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, बहुधा, अगदी सुरुवातीचा. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच नसांवरचं वेष्टण कुरतडते, असं त्यांनी सांगितलं. जी कामं माणूस मनाने करत नाही, घाम, ठोके, रक्तदाब, त्यांच्या ताराही त्यात सापडतात.

“जोरकस औषध लगेच सुरू करायचं की सहा महिने थांबून बघायचं, एवढाच प्रश्न आहे,” ते म्हणाले होते. “औषध काही साधं नाही, उगाच देणार नाही. डोळ्यातला थर भराभर झिजत असेल तर मात्र मी एक दिवस थांबणार नाही. आजच्या एका आकड्यावरून ते कळत नाही. जुनं एखादं स्कॅन आहे?”

तेव्हा तिला हसू आलं होतं. जुनं एखादं!

रोज सकाळी पेशंट यायच्या आधी यंत्राची चाचणी होई. त्यासाठी एक ठरलेला निरोगी डोळा लागतो. निरोगी डोळ्याचा आकडा रोज बदलत नसतो. बदललाच, तर यंत्र बिघडलं. हा मान धाकटीच्या डाव्या डोळ्याकडे होता. फाइलला तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘चाचणी’. दवाखान्यातल्या समस्त रोग्यांची भिस्त चार वर्षं त्या एका डोळ्यावर होती. गेल्या वर्षी मोठ्या बाई आपण होऊन म्हणाल्या, “रोज वाकून बसायचं आणि उठताना चक्कर. कशाला? आजपासून माझा डोळा घेऊ.” धाकटीने त्या संध्याकाळी घरी सांगितलं होतं की आमच्या ताईंसारखं माणूस मिळायला भाग्य लागतं.

आता ती पेशंटच्या स्टुलावरून उठली, टेबलाची कड धरून अंधारी ओसरू दिली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली.

“चाचणीची फाइल काढते. डॉक्टरांना जुनी हवीत.”

“ती कुठली राहायला?” मोठ्या बाई म्हणाल्या. “दर वर्षी पुसतो आपण.”

“पेशंटची पुसतो. चाचणीची नाही पुसत.”

मोठ्या बाई हनुवटीच्या पट्टीवरचा कागद बदलू लागल्या. तो त्यांनी नुकताच बदलला होता.

फाइल उघडली. पाच वर्षांची रांग. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. साडेतीन वर्षं डोळा सरकारी घड्याळासारखा जागचा हलला नव्हता. मग पंचाण्णव. काही आठवड्यांनी त्र्याण्णव. मग नव्वद, अठ्ठ्याऐंशी. आणि दुसऱ्या दिवसापासून एकशे एक, एकशे एक, एकशे एक, आजतागायत.

त्र्याण्णव आणि नव्वदच्या मध्ये यंत्राबद्दल तक्रार नोंदवलेली होती. ‘आकडा कमी दाखवते, तपासावे.’ अक्षर तिचं स्वतःचं होतं. डोळा चुकू शकतो हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिने यंत्राची तक्रार केली होती, तीही जरा खडसावून. इंजिनिअर येऊन दिवसभर यंत्र खोलून बसला, ते तिला आठवत होतं. त्याचा अहवाल तिने कधी पाहिला नव्हता. कागदपत्रं मोठ्या बाईंकडे असत.

तिने कपाटातली फाइल काढली. अहवाल एका ओळीचा होता. ‘यंत्र निर्दोष. चाचणीचा डोळा बदलून पाहावा.’ खाली मोठ्या बाईंची सही, तारखेसकट. डोळा त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलला होता. सूचनांच्या बाबतीत त्या नेहमीच तत्पर.

“तुम्हाला वर्षभर माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“माहीत म्हणजे... आपण काय डॉक्टर आहोत का?”

“पंचवीस वर्षं हेच बघताय, ताई. डॉक्टर तुम्हाला विचारून लिहितात.”

“अगं, त्याच महिन्यात तू कायम होणार होतीस. मेडिकल होती तुझी. मी तोंड उघडलं असतं तर घरी बसली असतीस.”

“कायम होऊन अकरा महिने झाले.”

मोठ्या बाई यंत्राचं झाकण पुसत राहिल्या.

“मग आता सांगू, मग सांगू असं झालं. तू हसतखेळत होतीस. आणि खरं सांगू? तू रजेवर गेली असतीस, तर इथे दुसरी कोणी देत नाहीत. मागे मी एकटीने चार महिने काढलेत. पन्नास पेशंट, रोजचे.”

हे मात्र खरं बोलल्या. धाकटीला त्या चार महिन्यांची गोष्ट अनेकदा ऐकून पाठ होती.

“टाकीचा विनोद तुम्ही त्यानंतर केलात,” ती म्हणाली. “की आधी? मी आठवतेय.”

बाहेरून कोणीतरी दारावर टकटक केली, पुढच्या पेशंट आजी आल्यात म्हणून सांगितलं. मोठ्या बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

“फक्त आजचंच ने ना. ही रांग बाहेर गेली तर कोणीतरी तो अहवाल मागेल, माझी सही दिसेल. माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत गं.”

धाकटीने अठ्ठ्याऐंशीपर्यंतची सगळी पानं निवडली आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटर जुना होता, एकेक पान विचार करून सोडत होता. तेवढ्या वेळात मोठ्या बाईंनी आजींना आत घेतलं, स्टुलावर बसवलं, आणि आवाज किंचितही हलू न देता म्हणाल्या, “पापणी लववू नका हं, आजी.”

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी पानं टेबलावर ओळीने मांडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

“सोमवारपासून औषध. याच्यापुढे थांबायचा प्रश्नच नाही.” त्यांनी एक पान उचललं. “पण एवढी नोंद! तीच वेळ, तोच कोन, एक स्कॅन हललेलं नाही. माझ्या पेशंटकडे एक जुना कागद धड नसतो. कोणी काढलीत?”

“आमच्या मोठ्या बाईंनी.”

“तुमच्यावर कोणीतरी बारीक लक्ष ठेवून होतं म्हणायचं. नशीब आहे.”

“हो,” ती म्हणाली. “होतं लक्ष.”

“मग एक करा. दर तीन महिन्यांनी स्कॅन, त्याच यंत्रावर आणि त्यांच्याच हातून. हात बदलला की तुलना बिघडते. त्यांना म्हणावं, आकडा जरा जरी उतरला तर त्याच दिवशी सांगायचं. सांगाल ना?”

तिने पानं गोळा करून कडा जुळवल्या. एक पान पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं, ते तिने मधोमध खोचलं.

“तुम्हीच लिहून द्या, डॉक्टर,” ती म्हणाली. “आमच्याकडे लेखी सूचना फार काटेकोरपणे पाळतात.”