माझ्या हातावरची सही

मी राजाची खुर्ची बोलतेय. हसू नका. मला सिंह नाहीत, सोनं नाही, तरी राजा बसायचा माझ्यावरच. शेवटच्या राजाची कंबर धरायची, म्हणून सुताराने माझी पाठ मुद्दाम सरळ ठेवली.

राज्य गेलं त्या दिवशी टेबलं आधीच गाडीत चढली होती. राजाने कागद माझ्या उजव्या हातावर ठेवला आणि राज्य सोडल्याची सही केली. टाक त्याने इतका दाबला की सही माझ्या लाकडात उतरली. दौत हुजऱ्याने धरली होती. "अरे, माझा चष्मा कुठंय?" एवढंच बोलून राजा मागच्या दाराने गेला.

राजवाड्याचं संग्रहालय झालं आणि हुजऱ्या तिथेच पहारेकरी झाला. येईल त्याला सहीची गोष्ट सांगायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले.

मग टीव्हीवर मालिका आली. तिच्यातला राजा सोन्याच्या सिंहासनावर तलवार आपटून मोडतो आणि ताठ मानेने निघून जातो. लोक मला बघून विचारू लागले, "खरं सिंहासन कुठंय?" शेवटी संग्रहालयाच्या साहेबांनी मालिकेतलंच मागवलं. कानामागून आलं अन् तिखट झालं! मी तळघरात गेले. हुजऱ्या निवृत्त होऊन घरी बसला, टीव्हीसमोर.

गेल्या महिन्यात तळघरातलं सामान मोडीत काढायचं ठरलं. एकदा विचारून घ्यावं म्हणून साहेबांनी हुजऱ्याला बोलावलं. नातीचा हात धरून तो जिना उतरला, आणि माझा जीव भांड्यात पडला. दौत धरणारा माणूस तो, दुसरं कोण सांगणार?

"आजोबा, हीच का ती?" नातीने विचारलं.

त्याची बोटं खुणेवर थांबली. डोळे भरून आले.

"हीच गं! महाराजांनी तलवार आपटली ना, तो हा घाव. मी होतो तिथे. या डोळ्यांनी पाहिलंय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचंच मला फार वाईट वाटलं.

साहेब खूश झाले. आता मी पुन्हा वरच्या दालनात आहे. समोर पाटी आहे, 'तलवारीचा घाव'. मोडीतून वाचले, हे त्याचेच उपकार. पण थकले हो मी.

कधी आलात तर पाटी राहू द्या, खूण बघा. तलवारीचा घाव असा वळणं घेत जात नाही. बोट फिरवलंत तर एकेक अक्षर लागेल. पण मधे दोरी बांधलीय, आणि तिच्यापलीकडे हात पोचत नाही.