मी काढलेला लाल गोल

मी एक्स-रे वाचणारा प्रोग्राम बोलतोय. फुप्फुसात काही संशयास्पद दिसलं की तिथे लाल गोल काढायचा, एवढंच मला येतं. समजावून सांगता येत नाही.

लाखो लोकांच्या छातीचे फोटो दाखवून मला शिकवलं. कोणता डाग क्षयाचा, कोणती गाठ कर्करोगाची, हे मी घोकून घोकून पाठ केलं. मग एका छोट्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर माझी नेमणूक झाली.

पहिल्याच सकाळी टेक्निशियनला चाचणीसाठी एक फोटो हवा होता. फरशी पुसणाऱ्या मावशींना त्याने हाक मारली.

"मावशी, जरा इथे उभ्या राहा. नवीन प्रोग्राम तपासायचाय."

"थांब, केस तरी नीट करू दे," मावशी हसल्या.

फोटो आला. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ होती. मी गोल काढला.

"सर, हा तर धडधाकट बाईलाही गोल काढतोय!" टेक्निशियन हसत म्हणाला.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "चालू झाला ना? मग पेशंट घ्या, बाहेर रांग लागलीय."

फोटो 'चाचणी' या नावाने जमा झाला. मावशी बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या.

आठ महिन्यांनी त्या पेशंट म्हणून आल्या, लेकीच्या खांद्यावर भार टाकून. आता गाठ लिंबाएवढी झाली होती, आणि एकटीही नव्हती. टेक्निशियनला तो पहिला गोल आठवला. जुन्या फोटोवर मावशींचं नाव नव्हतं; तो गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याने तो उघडून शेजारी लावला.

"हा कधीचा?" लेकीने विचारलं.

"प्रोग्राम बसवला त्या दिवशीचा. मी गोल पाहिला होता, ताई. खरा मानला नाही."

लेक दोन्ही फोटो आळीपाळीने पाहू लागली. मावशीच म्हणाल्या, "जाऊ दे रे. तेव्हा मला तरी कुठे काही होत होतं?"

त्याने जुन्या फोटोवरचं 'चाचणी' खोडून तिथे मावशींचं नाव घातलं.

दोन महिन्यांत मावशी गेल्या.

उद्या माझ्या जागी नवा, हुशार प्रोग्राम येतोय. मला पुसून टाकतील. त्याचं दुःख नाही. माझे कितीतरी गोल फुकाचे निघाले, म्हणून माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. फक्त गोल दिसला की खुर्ची पुढे ओढून एकदा नीट बघा. माणूस तेव्हा दारापाशीच असतो, फार दूर गेलेला नसतो. हाक मारली तर त्याला ऐकू जाते.